जुन्या कागदांतील धंदे आणि घराण्यांचा इतिहास

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा एका शब्दापाशीं येऊन अडतो. पूर्वजाचें नांव सांपडतें, गांव सांपडतें, वंशावळीचा धागा चार-पांच पिढ्या मागें नेतां येतो. परंतु त्या नांवापुढें धंदा म्हणून जो शब्द लिहिलेला असतो, त्याचा अर्थ घरांतील वडील मंडळींसहि सांगतां येत नाहीं. ‘शेकदार’, ‘जासूद’, ‘डबगर’, ‘येसकर’, ‘नायकीण’ हे असे शब्द होत. अशा वेळीं मनास दोन मोह पडतात. शब्द भारदस्त वाटला तर त्याचा अर्थ ‘सरदार’ किंवा ‘मोठा अंमलदार’ असा करून तो पहिल्या पानावर घालावा. आणि हलका वाटला तर मुकाट्यानें गाळून टाकावा. महाराष्ट्रांत कुलवृत्तांत छापण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चांगली रुजली. अशा ग्रंथांची गोडी सुशिक्षित कुटुंबांत अद्याप टिकून आहे. म्हणून या दोन मोहांचा विचार करणें अगत्याचें आहे. शब्द गाळला म्हणजे त्या शब्दाच्या आधारानें जन्म काढलेलें माणूसहि गाळलें जातें.

धंद्याचा उल्लेख असलेले जुने कागद मुळांत कशासाठीं लिहिले गेले, तें प्रथम पाहिलें पाहिजे. ‘खानेसुमारी’ हा शब्द फारसी आहे. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे मोजणी. पेशवाईंत गांवांच्या व पेठांच्या खानेसुमाऱ्या होत, त्या मुख्यतः कर व पट्टी बसविण्यास सोईच्या म्हणून. कारागीर व दुकानदार यांच्यावर ‘मोहतर्फा’ नांवाचा कर असे. तेव्हां कोणत्या घरीं माग चालतो आणि कोणत्या घरीं घाणा फिरतो, हें सरकारास ठाऊक असणें अवश्य होतें. इंग्रजी अमलांत मुंबई शहराची शिरगणती १८६४ सालीं झाली, देशांतील बहुतेक प्रांतांची १८७२ च्या सुमारास झाली, आणि सर्वत्र एकाच वेळीं केलेली अशी पहिली शिरगणती १८८१ च्या फेब्रुवारींत झाली. तेव्हांपासून दर दहा वर्षांनीं होणाऱ्या गणनेंत धंद्याचा रकाना ठरलेलाच होता.

इंग्लंडांत या शोधास एक मोठी सोय आहे. तेथील १८४१ पासूनच्या शिरगणतींचे, प्रत्येकाचें नांव व धंदा असलेले कागद राखून ठेवलेले असून शंभर वर्षांनंतर ते लोकांस पाहावयास मिळतात. १९२१ सालचे कागद २०२२ च्या जानेवारींत खुले झाले. १९३१ सालचे मात्र १९४२ च्या डिसेंबरांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडले. कागद हातीं आले तरी तेथील वाचकासहि शब्द अडवितातच. ‘कॉर्डवेनर’ हा शब्द पाहून दोर वळणारा असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराच्या चामड्यावरून आलेलें, नवे जोडे करणाऱ्या कारागिराचें तें नांव आहे. जुने जोडे सांधणारा ‘कॉब्लर’ तो त्याहून निराळा.

भारतांत ही सोय नाहीं. कोष्टकें तयार झाल्यावर नांवनिशीचे मूळ तक्ते जतन करण्याची पद्धति येथें पडली नाहीं. आणि १९४८ च्या शिरगणतीच्या कायद्यांतील १५ व्या कलमानें तर असे कागद पाहण्याचा हक्क कोणासच ठेविलेला नाहीं. उरले आहेत ते छापील अहवाल. त्यांत धंदे आहेत, माणसें नाहींत. म्हणून माणूस अन्यत्र शोधावें लागतें: पुण्याच्या पेशवे दप्तरांत, इनामांच्या कैफियतींत, जन्ममृत्यूच्या नोंदवहींत, शाळेच्या पटावर, खरेदीखतांत, किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. तेथें सांपडलेल्या शब्दास तीन प्रश्न विचारावयाचे. तो केव्हां लिहिला? कोठें व कोणाविषयीं लिहिला? आणि कोणाच्या कामासाठीं लिहिला?

पहिला प्रश्न काळाचा. शब्द तोच राहतो आणि त्याच्यामागचा अधिकार चढतो किंवा उतरतो. ‘हवालदार’ म्हटलें कीं आज पोलिसांतील एक साधा दर्जा डोळ्यांपुढें येतो. शिवकालीं किल्ल्याचा हवालदार हा त्या किल्ल्याचा मुख्य अधिकारी असे. सबनीस व कारखाननीस यांच्यासह गडाची जबाबदारी त्याजकडे असे. त्याच काळच्या घोडदळांत मात्र पंचवीस बारगिरांवरील नायकास हवालदार म्हणत, असें सभासदाच्या बखरीवरून दिसतें. ‘कोतवाला’ची गोष्ट अशीच आहे. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याची कोतवाली करणारा घाशीराम शहरांतील बंदोबस्त, बाजार व रहदारी यांवर हुकमत चालवीत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील महाराष्ट्रांत ‘कोतवाल’ हा तलाठ्याच्या हाताखालीं निरोप पोंचविणारा, दवंडी देणारा गांवचा सेवक होता. १७८५ च्या कागदांतील कोतवाल आणि १९६५ च्या कागदांतील कोतवाल यांत समान आहे तें केवळ नांव.

काळाचा परिणाम शब्दावरच होतो असें नाहीं, धंद्यावरहि होतो. मुंबईची लोकसंख्या १८६४ सालीं ८,१६,५६२ भरली होती; १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला होता. तें युद्ध १८६५ त संपलें आणि शहरांतील तेजी ओसरली. एखाद्या पूर्वजाचा उल्लेख १८६४ त मुंबईचा दलाल म्हणून आणि दहा वर्षांनीं रत्नागिरी जिल्ह्यांत शेतकरी म्हणून आला, तर तीं दोन माणसें असावींत असें लगेच ठरवूं नये. तें एकच माणूस असण्याचा संभव पुष्कळ आहे.

कित्येक धंदे तर नामशेष झाल्यामुळें दुर्बोध झाले आहेत. डबगर हा कातड्याचे बुधले करी. तेल-तूप त्या बुधल्यांतून गांवोगांव जाई, आणि पत्र्याचे डबे आले तसें त्याचें काम संपलें. निराळी हा निळीच्या रंगांत सूत रंगविणारा. १८९७ पासून जर्मनींतील कृत्रिम नीळ बाजारांत येऊं लागल्यावर नैसर्गिक निळीचा व्यापार खचत गेला. शिकलगार तलवारी-खंजिरांस पाणी व धार देई. संस्थानी फौजा कमी झाल्या, १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला, आणि त्याच्या वंशजांच्या हातीं चाकू-कातऱ्या उरल्या. लोणारी म्हणजे मूळ मिठाचा धंदा करणारा. पुढें चुना व कोळसा भाजणाऱ्यास तें नांव राहिलें. पखालजी कातडी पखालींतून पाणी पोंचवी, मशालजी रात्रीं दिवट्या धरी, जासूद पत्रें घेऊन मजला मारी, आणि कागदी जुन्नर व दौलताबादेकडे हातानें कागद करी. ज्या कागदावर हे सारे शब्द लिहिले गेले, त्यांतला पुष्कळसा कागद या शेवटच्या माणसाच्याच हातचा होता.

दुसरा प्रश्न स्थळाचा आणि माणसाचा. ‘नाईक’ हा शब्द यास उत्तम उदाहरण होय. शिवकालीन पायदळांत नाईक हा लहानशा तुकडीचा मुख्य. पेशवाईंत मोठ्या सावकारांस नाईक म्हणत. पेशव्यांस कर्ज देणारे बारामतीचे बाबूजी नाईक प्रसिद्धच आहेत. रामोश्यांतहि पुढाऱ्यास नाईक ही पदवी असे. १८३० च्या सुमारास कंपनी सरकाराविरुद्ध उठाव करणारे उमाजी नाईक त्यांपैकीं. गोवा व कोंकण या भागांत तें अनेक जातींतील आडनांव आहे. तेव्हां ‘नाईक’ एवढ्यावरून पूर्वज शिपाई होता, सावकार होता, कीं गांवची राखण करणारा होता, हें ठरत नाहीं. आडनांवांविषयींहि हीच सावधगिरी हवी. ‘पोतनीस’ हा खजिन्याचा हिशेब राखणारा आणि ‘पोतदार’ हा नाण्यांची पारख करणारा, हें खरें. परंतु तें काम एका पूर्वजानें केलें आणि आडनांव दहा पिढ्यांनीं वाहिलें. १८९० सालच्या पोतदारानें जन्मभर शाळाच चालविली असेल, तर त्यास शिक्षक म्हणणेंच योग्य.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विचारला जात नाहीं. शब्द लिहिणारा कोण, आणि त्यास हवें होतें काय? शिरगणतीच्या कामगारास हवी होती ती कोष्टकांत बसणारी संज्ञा. १९०१ सालीं धंद्यांचे ५२० गट केलेले होते. १९११ सालीं बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची पद्धति स्वीकारली, तेव्हां गट राहिले अवघे १६९. दहा वर्षांत लोकांनीं आपले धंदे सोडले नव्हते. कोष्टकांतील खण कमी झाले होते. ‘नोकरी’, ‘मजुरी’, ‘दुकानदारी’ असे मोघम शब्द लिहूं नयेत, नोकरी कसली व दुकान कशाचें तें लिहावें, अशी ताकीद मोजणीदारांस दिलेली असे. ताकीद द्यावी लागे, यावरूनच असे मोघम शब्द किती येत असतील याची कल्पना करावी.

मोघम शब्दांपेक्षांहि फसवा प्रकार जातीचा. १९०१ च्या तक्त्यांत आठवा रकाना जातीचा आणि नववा मुख्य धंद्याचा होता. परंतु धंदा विचारला असतां पुष्कळ लोक जातीचा परंपरागत धंदाच सांगत. गिरणींत साच्यावर उभा राहणारा तेली आपला धंदा तेलाचा म्हणून सांगे. घोड्यांची जीनें करणें केव्हांच सोडून घड्याळें दुरुस्त करणारा जिनगर ‘जिनगरी’ असेंच सांगे. त्यांत लबाडी नव्हती. धंदा म्हणजे वाडवडिलांनीं दिलेली ओळख, आणि सध्यां करीत असलेलें काम म्हणजे पोटाची सोय, अशी त्या काळची समजूत होती. ही समजूत ध्यानांत न घेतां कागद वाचला, तर एका पिढीचें खरें कष्टाचें काम नाहींसें होऊन त्या जागीं तिच्या आज्याचें काम येऊन बसतें.

या प्रकारांत सर्वांत मोठा अन्याय झाला तो स्त्रियांवर. १९०१ च्या तक्त्यांतील अकरावा रकाना ‘अवलंबून असणारां’चा होता. साळ्याच्या घरीं कांड्या भरणारी, कुंभाराच्या घरीं माती मळणारी, कोळ्याच्या घरची मासळी बाजारांत नेऊन विकणारी स्त्री घरधन्याच्या सांगण्यावरून सहज त्या रकान्यांत जाई. कुटुंबाच्या उत्पन्नांत भर घालणारें काम स्त्रिया व मुलें करीत असतील, तर तें नवव्या रकान्यांत नोंदावें, अशी सूचना १९११ सालीं होती. पुढें १९३१ सालीं ‘मिळवतें’, ‘काम करणारें अवलंबित’ आणि ‘काम न करणारें अवलंबित’ असे तीन वर्ग करण्यांत आले. नियम बदलला कीं काम करणाऱ्या स्त्रियांचा आंकडा चढे किंवा उतरे. जातें, रहाट आणि डोईवरची पाटी मात्र जिथल्या तिथेंच होतीं. म्हणून एखाद्या पणजीच्या नांवापुढें धंद्याची जागा कोरी दिसली, तर ती स्वस्थ बसून होती असा अर्थ कोणीं घेऊं नये.

जेथें स्त्रीच्या नांवापुढें शब्द आहे, तेथेंहि तो जपून वाचावा लागतो. ‘नायकीण’ हा शब्द वाचून अनेकांच्या मनांत एकच अर्थ येतो: कलावंतिणींच्या घरची मुख्य, गाण्याबजावण्यावर राहणारी स्त्री. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रियांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या बाईसहि नायकीणच म्हणत. गिरणीची भाषा स्वतंत्रच होती. ‘थ्रॉसल’ या इंग्रजी यंत्रनामाचें तेथें ‘त्रासन’ झालें होतें, माग म्हणजे ‘साचा’, आणि पुरुषांवर जसा जॉबर तशी बायकांवर नायकीण. १९२९ सालीं व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर कमिशनाच्या १९३१ च्या अहवालांत या नायकिणींचा उल्लेख आहे. बायकांस कामावर लावणें, कामावरून कमी करणें, हें पुष्कळसें त्यांच्या हातीं असे. त्या दस्तुरी घेत अशी तक्रारहि होती. परळ-लालबागच्या वस्तींतील एखाद्या स्त्रीपुढें १९२५ च्या सुमाराच्या कागदांत हा शब्द आढळला आणि लाजेपोटीं तिच्या वंशजांनीं तिचें नांव गाळलें, तर काय होईल? शेंदीडशें बायकांच्या रोजगाराची जबाबदारी वाहणारी, कदाचित् घराण्यांतील पहिली पगारदार स्त्री इतिहासांतून जाईल. आणि ती जर खरोखरीच गाण्यावर उपजीविका करणारी असेल, तरी तिचें नांव गाळण्याचा अधिकार कोणास पोंचतो?

याच्या उलट ‘कुणबीण’ हा शब्द अगदीं निरुपद्रवी दिसतो. कुणब्याची स्त्री, असा त्याचा सरळ अर्थ आहेच. परंतु पेशवेकालीन कागदांत तो बहुधा विकत घेतलेल्या दासीसाठीं येतो. सरकारी पागांत, कोठारांत, मुदपाकखान्यांत आणि मोठमोठ्या वाड्यांत अशा कुणबिणी राबत; त्यांची खरेदी-विक्री होई, त्यांची किंमत कागदावर लिहिली जाई. दासाच्या मालकीस कायद्याचा आधार राहिला नाहीं तो १८४३ च्या पांचव्या कायद्यानंतर. वाड्याच्या जमाखर्चांत ‘कुणबीण’ असा शब्द दिसला तर वाड्याच्या वंशजांनीं तो शेतकरी स्त्री असा वाचून पुढें जाऊं नये. एका घराण्याच्या वैभवाची ती दुसरी बाजू आहे, आणि वैभव लिहावयाचें तर तीहि लिहिली पाहिजे.

‘वतनदार’ या भारदस्त शब्दाखालींहि असेंच दोन प्रकारचें जीवन दडलेलें आहे. पाटील-कुलकर्ण्यांचें वतन म्हणजे मान, हक्क आणि जमीन. वेशीवर राखण करणाऱ्या येसकराचें, सरकारी कामगारांची बोलावणीं व ओझीं वाहणाऱ्या महाराचें वतन म्हणजे थोड्या जमिनीच्या मोबदल्यांत रात्रंदिवस बांधलेली चाकरी. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करून ही बांधिलकी सैल करावी, यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत बिल मांडलें होतें. हीं कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. मात्र त्याच येसकराची साक्ष गांवच्या शिवेच्या तंट्यांत ग्राह्य धरली जाई, कारण शीव त्याच्याइतकी कोणास ठाऊक नसे. जुन्या महजरांत त्याची निशाणी पाटलाच्या नांगराखालीं उमटलेली असते. ती निशाणी त्याच्या वंशजांस अभिमानाचा पुरावा आहे.

आतां प्रत्यक्ष रीत. शब्द जसा लिहिला असेल तसाच प्रथम उतरून घ्यावा, दुरुस्त करूं नये. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. म्हणून नांव कोठें संपलें व धंदा कोठें सुरू झाला हें ठरविण्यास दोनदां वाचावें. ‘बिन’ व ‘वल्लद’ यांचा अर्थ अमक्याचा मुलगा, आणि ‘कोम’ याचा अर्थ अमक्याची बायको. या पदव्या नव्हेत कीं धंदेहि नव्हेत. ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा, एवढें ध्यानांत ठेवलें तरी अर्धे शब्द आपोआप उकलतात. पुढें कोश पाहावा, पण कागदाच्या काळास जवळचा. शिवकालास रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं झालेला राज्यव्यवहारकोश, उत्तर पेशवाईच्या भाषेस १८३१ चा व सुधारलेला १८५७ चा मोल्सवर्थ, महसुली शब्दांस १८५५ चा विल्सन, फारसी शब्दांस माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा कोश, आणि गांवच्या बलुत्यांसाठीं त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गांव-गाडा’. शेवटीं, एका कागदावर विसंबूं नये. जन्ममृत्यूची नोंद एक सांगते, खरेदीखत दुसरें सांगतें, घरांतील म्हातारी तिसरें सांगते. तिन्ही जुळलीं तर उत्तमच. न जुळलीं तर तिन्ही लिहून ठेवावींत आणि कोणत्या सालीं कोणीं काय म्हटलें तें शेजारीं नोंदावें.

असें केल्यानें पुष्कळ घराण्यांतील सरदार थोडे कमी होतील, यांत संशय नाहीं. त्यांच्या जागीं बुधले शिवणारे, पत्रें पोंचविणारे, शिवेचे दगड ओळखणारे आणि भल्या पहांटे गिरणीच्या भोंग्यास उठणारे लोक येतील. घराणें टिकलें तें त्यांच्या श्रमावर, आणि आज वंशावळ लिहावयास जो हात मोकळा झाला आहे तोहि त्यांच्याच श्रमानें. ज्या घरीं अद्याप एखादी नव्वदीची आजी आहे, त्या घरच्या मंडळींनीं दप्तराच्या शोधास निघण्यापूर्वीं तिच्या आईचें व सासूचें नांव विचारावें आणि त्या दिवसभर काय काम करीत तेंहि विचारावें. पुष्कळ कागदांत ती जागा कोरीच राहिली आहे, आणि ती भरून देणारी साक्ष फार दिवस थांबणारी नाहीं.